बांगडीभर रान

मागच्या अंकात मी आमच्या शाळेतल्या रानपेटीबद्दल लिहिलं होतं. ज्यांच्या हाती तो अंक लागला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सावंतवाडी तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी एका प्राथमिक शाळेत मी बरीच वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. वर्गात खिडकीपासून हातभर लांब माशांची एक जुनी काचेची टाकी असायची. तिच्यात मासे नव्हते. माती, शेवाळ, दोन-तीन नेचे (फर्न) आणि पावसाळ्यात आपणहून उगवेल ते, एवढंच. शहाणी माणसं त्याला टेरेरियम म्हणतात. मुलं रानपेटी म्हणायला लागली आणि तेच टिकलं. त्या लेखावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेते. लांबलचक पत्रांना थोडी कात्री लावली आहे, रागावू नका.

प्रश्न : व्हिडिओ बघून वर्गासाठी काचेच्या बरणीत टेरेरियम केलं. खाली खडे, त्यावर कोळसा, माती, शेवाळ, दोन छोटे नेचे. आठ दिवस इतकं देखणं दिसत होतं! पंधराव्या दिवशी पांढरी बुरशी, कुबट वास आणि एक नेचा काळाठिक्कर. मुलं विचारतात, "ताई, मेलं का?" काय चुकलं? (बालवाडी शिक्षिका, पुणे)

पाणी जास्त झालं. या पेट्या तहानेनं क्वचितच मरतात, बुडून मरतात. झाडाला पाणी घालणं म्हणजे आपल्याकडे पुण्य, त्यात वर्गात तीस मुलं आणि प्रत्येकाला आपली पाळी हवी. कुंडीतलं जास्तीचं पाणी खालच्या भोकातून निघून जातं, बरणीतलं जाणार कुठे? लोकांना वाटतं खडे घातले की निचरा झाला. खडे म्हणजे निचरा नव्हे, तो नुसता हौद आहे. हौद भरला की मुळं बुडाली.

आता दोन दिवस झाकण काढून ठेवा. काळं पडलेलं कात्रीनं कापून टाका, बुरशी चमच्यानं उचला. मातीतली मूठभर दाबून बघा. बोटांतून पाणी आलं तर जास्त आहे. मूठ उघडल्यावर ढेकूळ राहिलं आणि टिचकी मारताच फुटलं तर बरोबर आहे. पुढच्या वेळी खडे आणि माती यांच्यामध्ये नारळाची शेंडी पिंजून तिचा पातळ थर द्या, म्हणजे माती खाली उतरून हौदाचा चिखल होणार नाही. आणि माती दुकानातली खतं घातलेली नको, जुन्या पालापाचोळ्याची भुसभुशीत हवी.

पाणी घालायची पाळी बंद करा आणि काच वाचायची पाळी सुरू करा. आमच्याकडे रोज एकजण काच वाचायचा. सकाळी एका बाजूला धुकं आहे आणि मधल्या सुट्टीपर्यंत ते निवळलं, तर "आज पाणी नको". दिवसभर काच आंधळी असेल तर झाकण उघडायचं. धुकं आलंच नाही तर फवाऱ्याच्या बाटलीनं तीन फवारे. ज्या दिवशी खरोखर पाणी द्यायची वेळ यायची, त्या दिवशी काच वाचणाऱ्याचा थाट बघण्यासारखा असायचा.

बुरशीला घाबरू नका. नव्या पेटीत काटकीवर पांढरा कापूस येतोच. भिंग असेल तर मुलांना दाखवा. आणि "मेलं का?" विचारलं तर रात्रीतून बरणी बदलून ठेवू नका. माझ्या हातूनही एकदा पेटी मेली आहे. मार्चमध्ये फळा नीट दिसावा म्हणून मी टाकी खिडकीच्या कट्ट्यावर सरकवली आणि शनिवारी तशीच विसरून घरी गेले. बंद काच, वर ऊन, दोन दिवस. सोमवारी झाकण उघडलं तर वर्गभर शिजलेल्या भाजीचा वास. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, अळूचं फदफदं झालं!" हसलो सगळे. पण ते फदफदं आम्ही टाकलं नाही, पेटीतच राहू दिलं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा त्याच काळ्या चिखलातून एक नेचा डोकं वर काढत होता.

प्रश्न : माझी मुलगी साडेचार वर्षांची. तिच्यासाठी घरी पेटी केली, सगळ्या झाडांना चिठ्ठ्या लावल्या, मराठी, इंग्रजी आणि शास्त्रीय नावाच्या. ती दोन मिनिटं बघते, "हिरवं आहे" म्हणते आणि पळते. निरीक्षण करायला शिकवायचं कसं? (आई, ठाणे)

आधी त्या चिठ्ठ्या काढा. शास्त्रीय नावाची सगळ्यात आधी.

वाईट वाटून घेऊ नका, मीही सात-आठ वर्षं हेच केलं. मुलांना पेटीभोवती उभं करायचं आणि पट्टीनं दाखवत जायचं : हा नेचा, हे शेवाळ, ही आंबुशी, म्हणा माझ्यामागून. मुलं म्हणायची. नाव म्हणून झालं की नजर दुसरीकडे. नाव कळलं म्हणजे काम संपलं, हे आम्हीच त्यांना शिकवलेलं. मग एका पावसाळ्यात पहिलीतल्या एका मुलीनं नेच्याचं पान उलटं केलं आणि ओरडली, "बाई, ह्येका किडे लागले!" पानामागे ओळीनं तपकिरी ठिपके. मी लगेच ज्ञान पाजळलं : किडे नव्हेत गं, ते बीजाणूंचे पुंजके, त्यातून नवा नेचा येतो. ती "हां" म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. संपलं. किडे असते तर ते असे ओळीत, सारख्या अंतरावर कशाला बसले असते? हा प्रश्न तिला पडायच्या आत मी उत्तर देऊन मोकळी झाले होते.

दुसऱ्या दिवशी मी तोंड बंद ठेवलं. तेच पान ठिपके खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवलं, वर वाटी पालथी घातली. सकाळी वाटी आणि पान उचललं तर कागदावर पानाच्या आकाराची तपकिरी रांगोळी. पहिला निष्कर्ष निघाला, "किडे रातीचे हगले." (मुलांची भाषा आहे, मी फक्त उतरवून घेतली.) मी म्हटलं, असेल. मग एकानं फुंकर मारली, धूळ उडाली. किड्यांची घाण अशी उडते का? घरी जाऊन कोणी कोणी काय काय तपासलं ते मी विचारलं नाही. शेवटी ती धूळ आम्ही उकळून घेतलेल्या विटेच्या तुकड्यावर भुरभुरली, तो तुकडा ओला करून झाकणाच्या बाटलीत ठेवला आणि विसरलो. दोन-अडीच महिन्यांनी विटेवर नखापेक्षा लहान हिरवे बदाम आले, पत्त्यांतल्या बदामासारखे. नेच्याचं बाळपण असं असतं, नेच्यासारखं मुळीच दिसत नाही. "बीजाणू" हा शब्द मी त्या दिवशी फळ्यावर लिहिला. तोवर त्यांना तो हवा झाला होता.

आता दोन मिनिटांत पळण्याबद्दल. अख्खी पेटी बघ म्हटलं तर मोठा माणूससुद्धा "हिरवं आहे" एवढंच म्हणेल. नजरेला कुंपण घालून द्या. मी प्रत्येक मुलाला प्लॅस्टिकची जुनी बांगडी आणायला सांगायचे. ती टाकीच्या काचेवर बाहेरून, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवायची. महिनाभर तेवढंच तुझं रान. शेजारच्या बांगडीत बेडूक आला तरी ते त्याचं नशीब. रोज प्रार्थना झाली की नाक काचेला लावून मनात शंभरपर्यंत आकडे म्हणायचे आणि आपल्या बांगडीत काय आहे ते बघायचं. बोलायचं नंतर. मुलग्यांनी पहिल्या वर्षी बंड केलं, आम्ही काय बांगड्या भरू? मग एकजण घरून कुकरची जुनी रिंग घेऊन आला, त्याचं रान सगळ्यात मोठं झालं आणि वर्गभर भांडण. शेवटी कुकरची रिंग माझ्याकडे जप्त आणि मुलग्यांनीही मुकाट्यानं बांगड्या आणल्या.

तुमच्याकडे एकच मुलगी आहे, म्हणजे एक बांगडी तिची आणि एक तुमची. तुम्हीही रोज बघायचं. "काय दिसतंय सांग" असं परीक्षकासारखं विचारू नका. "माझ्या बांगडीत कालची गुंडाळी थोडी उलगडली, तुझ्याकडे काय?" असं बोला. नेच्याचं कोवळं पान गुंडाळीतूनच येतं. आमच्या मुलांनी तिला जिलबी म्हटलं, शंख म्हटलं, हत्तीची सोंड म्हटलं, एकानं विंचवाची नांगी म्हटलं. सगळी नावं चालतील. या गुंडाळीजवळ झाडूचा एक हीर मातीत खोचा आणि दर सोमवारी शाईनं खूण करा. पट्टीवरचे आकडे साडेचार वर्षांच्या मुलीला परके असतात, हिरावरच्या खुणा मात्र लगेच कळतात : गेल्या सोमवारी इथे, आज इथे. पावसाळ्यात दोन खुणांमधलं अंतर बघून मुलं ओरडतात आणि मग पान पूर्ण उलगडलं की खुणा थांबतात. हे थांबणंही बघण्यासारखं आहे, आमच्या वर्गात एकजण हिरमुसून "आता ह्यां मोठां झालां" म्हणाला होता.

चित्र काढून घ्याल तर पेन्सिलीनं, आणि एकच अट घाला : जे बांगडीत नाही ते कागदावर नाही. नाहीतर कोपऱ्यात सूर्य, दोन डोंगर आणि पाच पाकळ्यांचं फूल आलंच म्हणून समजा, पेटीत फूल असो वा नसो. अट घातल्यावर पहिले दोन दिवस कागद कोरे येतात. ते येऊ द्या. तिसऱ्या दिवशी आमच्या एका मुलानं कागदाच्या कडेला नुसत्या तीन बारीक रेघा काढल्या. मी विचारलं, हे काय? म्हणाला, मुंगीचे पाय, बाकीची मुंगी बांगडीच्या बाहेर होती.

प्रश्न : तुम्ही कोकणातले, तुम्हाला काय! आमच्या लातूरकडे जंगल कुठून आणायचं? शेवाळ नाही, नेचे नाहीत, जूनमध्येसुद्धा धूळ. (प्राथमिक शिक्षक, लातूर जिल्हा)

गुरुजी, तुमच्याकडे "रानात गेलाय" म्हणजे शेतात गेलाय. मग रान तर दाराशीच आहे! तुमच्या पेटीत बांध आणा. केना, घोळ, आघाडा, हरळी, टाकळ्याची कोवळी रोपं. ही बंद काचेत कुजतील, म्हणून झाकण नको, उथळ पसरट टाकी किंवा परात घ्या. खडे कमी, काळी माती जास्त. काळी माती वाळल्यावर भेगाळते आणि पाणी दिल्यावर भेगा मिटतात, हे तुमच्या मुलांना रोजचं असेल, पण भेग मिटताना जवळून बसून कुणी पाहिली आहे का विचारा.

आणि नवरात्रात घट बसतातच. शेतातली माती, त्यात धान्य, नऊ दिवसांत वीतभर रोपं. ती पिवळी का असतात आणि शेतातला गहू हिरवा का, याचं उत्तर मुलांकडून काढायचं असेल तर वर्गात दोन परड्यांत धान्य पेरा, एक कपाटात, एक ओसरीवर. देवघरातल्या घटाला हात लावू नका, आजी मला शिव्या घालतील.

शेवाळ आणि नेचे तुमच्याकडे नाहीत असं मात्र नाही. मराठवाड्यात जुन्या बारवा आहेत. त्यांच्या सावलीतल्या पायऱ्यांच्या फटींत हंसराज उगवतो, काळ्या चकचकीत दांडीचा नाजूक नेचा. मुलांना तिथे उतरवू नका, तुम्ही मोठ्यांनी जा आणि तुरळक दिसला तर राहू द्या. भरपूर असला तरच बोटभर आणा.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट करता येईल. पाण्याच्या टाकीखाली किंवा कौलांवर काळा-तपकिरी खरवडा दिसतो, मेलेला वाटतो. त्यातला चिमूटभर बशीत ठेवा आणि वर चमचाभर पाणी सोडा. भिंतीवरचं हे शेवाळ वाळल्यावर पानं मिटून बसतं, पाणी मिळालं की मिनिटाभरात उघडतं आणि हिरवं होतं. आमच्याकडे शिमग्याच्या दिवसांत हा प्रयोग केला तेव्हा "बाई, ह्यां उठलां!" म्हणून मुलं बाकांवर चढली होती. शेवाळाला खरी मुळं नसतात, ते पाणी अंगानं पितं, म्हणून एवढी घाई. हे नंतर सांगा, सांगितलं नाही तरी चालेल.

प्रश्न : पालकांना आवाहन केल्यावर एकानं देवराईतून, एकानं घाटातून पोतंभर शेवाळ आणि रोपं आणली. काही रोपं मला दुर्मीळ वाटतात. आता काय करू? (शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा)

आजच्या आज परत. जिथून आणली तिथेच, त्याच माणसाबरोबर आणि जमलं तर मुलांसमोर. अभयारण्यातून किंवा राखीव जंगलातून परवानगीशिवाय रोपं उचलणं गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी कंदीलपुष्प किंवा दवबिंदू नावाच्या किडेखाऊ रोपासारखं झाड वर्गात जगत नाही, नुसतं मरतं, आणि डोंगरावरून मात्र कायमचं कमी होतं. सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, झाडं उघड्या उन्हावाऱ्याची असतात, त्यांना काचेची दमट कोंडी सोसत नाही.

देवराईचं मला मुलांनीच शिकवलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी म्हटलं होतं, अरे देवळामागे किती छान शेवाळ आहे, थोडं आणू. वर्ग एकदम गप्प. मग एकजण म्हणाला, "थंयसून कायएक हाडूचा नाय बाई, देवचार रागावता." पडलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही हा आमच्याकडचा नेम. देवचाराच्या, म्हणजे राईच्या राखणदाराच्या, धाकानं का होईना, तालुक्यात मोठाली झाडं उरली आहेत ती तिथेच. मी गुमान मान डोलावली.

तुमच्या पेटीसाठी शाळेचं कुंपण, पाण्याच्या नळाची मोरी, पडक्या गोठ्याची भिंत पुरे आहे. एका जागचं शेवाळ तळहाताएवढं असेल तर टिकलीएवढं घ्या. माशांची टाकी भरायला महिना लागला तर लागू द्या, ती भरताना बघण्यातच अर्धं शिकणं होतं. रानअळू, सुरणाच्या जातीचं काही, कळलावी आणि खाजकुयली वर्गात नको, अंगाला खाज सुटते किंवा विषारी असतात. पावसाळ्यात पेटीत अळंबी उगवली तर ती बघायची, खायची नाही, हे घरच्यांनाही चिठ्ठीत लिहून कळवा. वाणी किडा, गोगलगाय आली तर पाहुणा एक दिवसाचा, संध्याकाळी बाहेर. गोगलगाय मुक्कामाला राहिली तर सकाळी नेच्याच्या नुसत्या काड्या उरतात.

प्रश्न : बंद बरणीत झाडाला हवा कशी पुरते? मुलानं विचारलं, मला सांगता आलं नाही. (वडील, नाशिक)

तीच हवा फिरत राहते. दिवसा उजेडात पानं कर्बवायू घेतात आणि प्राणवायू सोडतात, शिवाय झाड आणि मातीतले कुजवणारे जीव रात्रंदिवस श्वास घेतात, त्यांतून कर्बवायू परत येतो. पाण्याचंही तसंच : पानांतून वाफ, काचेवर थेंब, थेंब मातीत. मुलाला सांगण्याऐवजी काचेवरच्या एका थेंबाभोवती बाहेरून स्केचपेननं गोल काढायला सांगा आणि दर तासाला बघा. थेंब गोलातून निसटून खाली जातो, मग मागचा त्याला येऊन मिळतो आणि दोघं धावतात. आमच्याकडे यावर शर्यती लागायच्या.

ही युक्ती सापडली ती चुकून. लंडनमध्ये नथॅनिएल वॉर्ड नावाचे डॉक्टर होते. त्यांना नेच्यांचा भारी नाद, पण कोळशाच्या धुरानं शहरातले नेचे जगत नसत. १८२९ मध्ये त्यांनी पतंगाचा कोश ओल्या मातीत घालून झाकणाच्या बाटलीत ठेवला. पतंग राहिला बाजूला, त्या मातीत नेचा आणि गवत उगवलं. मग त्यांनी मोठ्या काचपेट्या केल्या. जहाजाच्या डेकवर खाऱ्या वाऱ्यात न मरता रोपं खंडं ओलांडायला लागली ती या पेट्यांमुळे. वनस्पती गोळा करत फिरणाऱ्या रॉबर्ट फॉर्च्यूननं १८४८ नंतरच्या काही वर्षांत चीनमधून चहाची रोपं भारतात पाठवली तीही यांतूनच. सकाळी मुलाला हे सांगताना तुमच्या हातात चहाचा कप असेलच.

प्रश्न : जंगल शेजारी असताना ते काचेत कोंडून दाखवायचं हा कुठला शहाणपणा? मुलांना रानात न्या. आम्ही गुरांमागे फिरून सगळी झाडं शिकलो. (आजोबा, चंद्रपूर जिल्हा)

आजोबा, तुमचं म्हणणं मला सोळा आणे मान्य आहे आणि तरी मी पेटी ठेवणार. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. माझ्या पेटीपेक्षा ती शंभरपटीनं मोठी गोष्ट. पण गुरांमागे तुम्ही रोज तीच वाट चालत होतात. आमच्या मुलांची सहल वर्षातून दोनदा, तीही जळवा, पाऊस आणि छत्र्या सांभाळत. रानात गेल्यावर ती धावतात, धावायलाच पाहिजेत. एक पान उलगडताना आठ दिवस बघायचं तर ते पान आठ दिवस त्याच जागी सापडावं लागतं.

एक मात्र बघितलंय. बांगडीतून महिनाभर बघितलेली मुलं सहलीला गेली की मध्येच थांबतात. चांदीच्या नेच्याचं पान हातावर मारून पांढरा छाप उठवायचा खेळ आमच्याकडे सगळ्याच पोरांना येतो. पेटीच्या आधी तो नुसता खेळ होता. नंतर एकीनं छाप उठवला, पान उलटून बघितलं आणि मला विचारलं, ही पावडर आणि ती वाटीखालची धूळ एकच का? एक नाही. पांढरी ही पानाचीच मेणासारखी पूड, बीजाणू वेगळे. पण मी तिला म्हटलं, वाटी आहे वर्गात.

शिवाय आमची पेटी कायमची कोंडत नाही. त्या मार्चमधल्या फदफद्यानंतर ती जुलैत भरते आणि दसऱ्याच्या आधी, जमिनीत ओल असेतो, रिकामी होते. प्रत्येकजण आपल्या बांगडीतलं झाड कुंपणाच्या सावलीत लावतो आणि शेजारी बांगडी पुरून ठेवतो, खूण म्हणून.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत रविवारची मराठी शाळा चालवतो. रानपेटी करायची आहे, पण इथल्या झाडांना मराठी नावं नाहीत. मुलांना नेचा, हंसराज शिकवायला इथे कुठून आणू? (मराठी शाळेतली आई, न्यू जर्सी)

आणू नका. तिथलं रान तिथलंच घ्या. आपल्या आवारातलं किंवा ओळखीच्या माणसाच्या आवारातलं, विचारून. तिथल्या झाडांखाली पार्ट्रिजबेरी नावाची जमिनीलगत पसरणारी वेल मिळते, बंद पेटीत ती छान जगते. तिला पांढरी फुलं जोडीनं येतात आणि दोन फुलांचं मिळून एकच लाल फळ होतं, म्हणून त्या फळावर दोन खळ्या. मुलांना खळ्या शोधायला सांगा आणि मराठी नाव त्यांनाच ठेवू द्या. जुळी, खळीवाली, काहीही. मराठी शिकायला नेचा लागत नाही, "गुंडाळी", "खरखरीत", "लवदार", "पोपटी", "कुरतडलेलं" हे शब्द लागतात आणि ते कुठल्याही पानावर सापडतात. रानातून आल्यावर मुलांच्या अंगावर गोचिडी बघायला विसरू नका.

प्रश्न : बाई, रात्री पेटीतली झाडं झोपतात का? (इयत्ता दुसरी, कोल्हापूर)

काही झोपतात असं दिसतं. तुझ्या पेटीत किंवा घरच्या कुंडीत आंबुशी असेल, तीन बदामांच्या पानांची, चावली की आंबट. संध्याकाळी दिवे लागल्यावर बघ, ती पानं छत्रीसारखी खाली मिटते. टाकळा आणि चिंचही पानं मिटतात. नेच्याला मिटताना मी तरी पाहिलं नाही, पण रात्री अकरा वाजता उठून मी फार वेळा बघितलेलंही नाही. तू आईला विचारून एकदा बॅटरी घेऊन बघ. दिवसाचं आणि रात्रीचं अशी दोन चित्रं काढ, बांगडीच्या आतलीच, आणि मला पाठव. सूर्य काढायचा नाही. रात्रीच्या चित्रात चंद्रही नाही.